सशाला फळ किती द्यायचं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात सशांच्या जेवणावर चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. जवळपास सगळ्यांना एकच विचारायचंय, फळ दिलेलं चालतं का आणि चालत असेल तर किती. आंब्याचा सीझन तोंडावर आलाय, घराघरात पेट्या येतील आणि पोरं आपल्या हातातली फोड सशालाही देणारच, म्हणून हे आत्ताच छापून आलेलं बरं.

प्रश्न: ताई, आमचा ससा दीड वर्षाचा आहे, वजन दोन किलो. मुलगी रोज शाळेतून आली की त्याला अर्धं केळं देते, तो धावत येऊन खातो. पण हल्ली गवताला तोंडच लावत नाही आणि मागच्या बाजूला काळं चिकट काहीतरी लागलेलं असतं, रोज धुवावं लागतं. जुलाब झालेत का? (डोंबिवलीहून एक आई)

उत्तर: तुम्ही लिहिलंय त्यावरून जुलाब वाटत नाहीत, जुलाब म्हणजे पाण्यासारखं पातळ आणि गोल लेंड्या पूर्ण बंद, तसं असेल तर हे वाचत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा. तुमच्याकडे जे होतंय ते बहुतेक केळ्याचं काम आहे.

ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो हे खूप जणांना माहीतच नसतं. एक त्या कडक, गोल, कोरड्या, ज्या आपण झाडून टाकतो. दुसऱ्या मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या छोट्या घडासारख्या एकमेकींना चिकटलेल्या, त्या तो बाहेर पडता पडताच तोंडाने घेऊन गिळतो, बहुतेक वेळा रात्री किंवा पहाटे, म्हणून त्या आपल्याला दिसतच नाहीत. त्याच्या पोटात सीकम नावाची एक मोठी पिशवी असते, तिथे कोट्यवधी जिवाणू चारा आंबवतात आणि त्यातून जीवनसत्त्वं आणि प्रोटीन तयार होतं, ते त्या मऊ लेंड्यांमधून परत पोटात जातं. ही घाण नाहीये, हे त्याचं दुसरं जेवण आहे आणि ते त्याला मिळायलाच हवं.

आता या जिवाणूंना लागतो तंतू, म्हणजे गवत. त्यांच्यावर रोज साखर आणि स्टार्च पडायला लागला की नको ते जिवाणू माजतात, मऊ लेंड्या लगद्यासारख्या होतात, त्याला त्या उचलून खाता येत नाहीत आणि मग त्या केसांना चिकटतात. शिवाय केळ्यानं पोट भरलेलं असतं त्यामुळे गवत खायची इच्छा राहत नाही, गवत नाही म्हणून पोट आणखी बिघडतं, असं ते चक्र चालू राहतं.

अर्धं केळं आपल्याला किरकोळ वाटतं पण हिशोब करून बघा, दोन किलोच्या सशाला अर्धं म्हणजे साठ किलोच्या माणसानं एका बैठकीत १५ केळी खाल्ल्यासारखं झालं. तेही रोज.

काय करायचं तर केळं आजपासून बंद, निदान दोन-तीन आठवडे कुठलंच फळ नाही, गाजरही नाही. पिंजऱ्यात दिवसभर त्याच्या अंगाएवढा तरी गवताचा ढीग हवा. विकतचं टिमोथी नावाचं सुकं गवत परवडत नसेल तर ओटचं सुकं गवत घ्या, ऱ्होड्स गवत घ्या, आणि आपली हरळी तर उत्तमच, फुलवाल्याकडे दूर्वा मिळतात त्यासुद्धा चालतात फक्त भरपूर पाण्यात धुवून घ्या. पहिले दोन दिवस तो रुसेल, मुलगी घरी यायच्या वेळेला गेटपाशी उभा राहील, तुम्हाला वाईट वाटेल, तरी केळं द्यायचं नाही. मात्र एक लक्ष ठेवा, रुसून त्यानं गवत, पाला, काहीच खाल्लं नाही आणि लेंड्या पण थांबल्या तर तो रुसवा नाही, त्याबद्दल पुढे पुण्याच्या प्रश्नात सविस्तर लिहिलंय.

धुताना अख्ख्या सशाला आंघोळ घालू नका, ससे भिजले की घाबरतात आणि गारठतात. फक्त तेवढाच भाग कोमट पाण्यानं पुसून काढायचा आणि लगेच पूर्ण कोरडा करायचा. हे रोज बघणं सोडू नका कारण अशा ओल्या घाण जागी माश्या अंडी घालतात, एका दिवसात अळ्या बाहेर पडतात आणि त्या जिवंत सशाचं मांस खातात. आपल्याकडे पावसाळ्यात हा प्रकार जिवावर बेततो.

आणि मुलीला ओरडू नका हं, तिचा खाऊ द्यायचा हक्क तसाच राहू दे, फक्त केळ्याऐवजी कोथिंबिरीची एक काडी तिच्या हातात द्या. तो तितकाच धावत येईल.

प्रश्न: मग नक्की प्रमाण किती? आमच्याकडे द्राक्षांची बाग आहे, घड उचलून समोर ठेवला तर चालेल का? पाला पण भरपूर असतो. (नाशिक)

उत्तर: घड अजिबात नको. पूर्ण वाढलेल्या, तब्येतीनं ठणठणीत, दोनेक किलोच्या सशाला एका वेळेला एक चहाचा चमचा, फार तर दोन, आणि तेही आठवड्यातून एक-दोनदा. चमचा शिगोशिग नाही, सपाट. द्राक्षाच्या हिशोबात एक द्राक्ष, उभं चिरून बिया काढून. एवढंच? हो, एवढंच. १०० ग्रॅम द्राक्षात साधारण १५-१६ ग्रॅम साखर असते, आंब्यात १४ च्या आसपास, केळ्यात १२, सफरचंदात १०, स्ट्रॉबेरीत जेमतेम ५. त्यामुळे एकच चमचा असला तरी कुठल्या फळाचा त्यानं फरक पडतो, स्ट्रॉबेरीचा चमचा आणि द्राक्षाचा चमचा सारखा नाही. बेदाण्यात तर ६० च्या घरात जाते, खजूर पण तसाच, म्हणून सुकवलेलं काहीही नाही दिलं तर उत्तम आणि दिलंच तर एखादा बेदाणा, बास.

पाल्याचं म्हणाल तर द्राक्षाचा पाला सशाला चालतो पण तुमच्या बागेतला नको. बोर्डो, म्हणजे बुरशीसाठीचं मोरचूद-चुन्याचं पाणी, मारलेलं असतं, त्यातलं मोरचूद पानावर बसतं, शिवाय बाकीच्या फवारण्या वेगळ्याच. विकायच्या बागेतलं पान घरच्या सशाला द्यायचं नाही हा नियमच करा. बांधावर तुतीचं झाड लावा, त्यावर फवारणी करू नका, तुतीचा पाला ससे वेड्यासारखा खातात.

प्रश्न: हापूसची साल आणि कोय चघळायला दिली तर? आम्ही आंबेवाले, वाया जाते ती. फणस पण असतो. (रत्नागिरीहून एक काका)

उत्तर: काका, गर चमचाभर चालेल, साल आणि कोय नको. आंब्याच्या चिकानं आपल्याच तोंडाला फोड येतात, तो चीक सालीत असतो आणि बाजारातल्या आंब्याच्या सालीवर पिकवण्याचं काय काय बसलेलं असतं ते वेगळं. कोयीला गर इतका चिकटलेला असतो की 'चघळायला' म्हणून आपण दिली तरी त्याच्या पोटात चांगले तीन-चार चमचे जातात. फणस फार गोड आणि चिकट, तो सोडूनच द्या. ओलं खोबरं पण नको, तेल झेपत नाही त्यांना. तुमच्या परसात केळी असतीलच, केळीचं पान द्या की, फळापेक्षा पान कितीतरी चांगलं.

प्रश्न: अंजीर आणि सीताफळ दोन्ही घरचं आहे. बिया काढून देऊ ना? (सासवड)

उत्तर: अंजीर ताजं असेल तर एक छोटी फोड, महिन्यातून एखाद-दोन वेळा, सुकं नाही.

सीताफळ नको. बिया काढून सुद्धा नको, कारण त्या गरात इतक्या गुंतलेल्या असतात की एखादी राहतेच, आणि ती बी विषारी असते. पूर्वी डोक्यातल्या उवा मारायला याच बिया कुटून लावायचे आणि डोळ्यात गेलं तर डोळा जायची भीती असायची, हे तुमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. पाला पण नको. रामफळालाही हेच लागू.

बियांचा विषय निघालाच आहे तर सगळ्यांसाठी सांगते. सफरचंद, पेअर यांच्या बिया चावल्या की त्यातून सायनाइड सुटतं, एखादी बी चुकून गेली म्हणून ससा लगेच मरत नाही पण मधला भाग काढूनच द्यायची सवय ठेवा. आलुबुखार, पीच, चेरी, जर्दाळू यांच्या आतल्या कठीण बिया पण तशाच. बोर आणि जांभूळ देताना बी काढायची, ती घशात किंवा आतड्यात अडकू शकते. पेरूच्या बिया कडक असतात म्हणून मी मधला गर काढून फक्त बाहेरचा भाग देते, पेरू मला फळांमध्ये जास्त आवडतो कारण त्यात तंतू भरपूर असतो. आणि अव्होकाडो हल्ली शहरात सगळीकडे मिळतो, तो सशाला विष आहे, फळ, साल, पान काहीही नाही, एक तुकडाही नाही.

प्रश्न: दीड महिन्याचं पिल्लू आणलंय. दुकानदार म्हणाला गाजर आणि सफरचंद द्या, पाणी देऊ नका, सशाला पाणी लागत नाही, पाण्यानं मरतो. खरं आहे का? (कोल्हापूर, कॉलेज विद्यार्थी)

उत्तर: नाही रे बाबा, साफ खोटं. हे पाण्याचं खूळ आपल्याकडच्या दुकानांमधून इतकं पसरलंय की मला त्याचा मनापासून राग येतो, किती पिल्लं यामुळे जातात. पाणी चोवीस तास हवं, जड मातीच्या किंवा सिरॅमिकच्या वाडग्यात, म्हणजे उलटत नाही. आत्ता हे वाचतोयस ना, उठ आणि आधी पाणी ठेव.

गाजर-सफरचंद आत्ता बंद. दीड महिन्याचं पिल्लू खरं तर आईजवळच असायला हवं होतं, आठ आठवड्यांच्या आत तोडायचं नसतं. त्याच्या पोटातले जिवाणू अजून बसताहेत, त्यात साखर गेली की पिल्लांना जे जुलाब लागतात त्यात एका दिवसात खेळ संपतो. त्याला भरपूर सुकं गवत, थोडी सुकवलेली लसूणघास, आणि सशांसाठीचे पेलेट्स, म्हणजे दाबून केलेल्या खाद्याच्या कांड्या, दुकानात जे खात होतं तेच आधी द्यायचे आणि हळूहळू बदलायचे. लसूणघास मोठ्या सशाला रोज नको कारण त्यात कॅल्शियम जास्त असतं, पण वाढत्या पिल्लाला चालते. तीन महिन्यांचा झाला की पालेभाजी एकेक करून, प्रत्येक वेळेला एकच नवीन आणि बोटभर. फळ सहा महिन्यांनंतर.

गाजराबद्दल मोठ्यांनीही ऐका, गाजर हा सशाचा खुराक नाहीये. रानातला ससा गाजर उकरून खात नाही, तो गवत खातो, आणि आपले सगळे पाळीव ससे ज्या युरोपियन रानसशापासून आलेत, म्हणजे स्पेन-पोर्तुगालकडचा, तोही गवतच खायचा. गाजर म्हणजे फळासारखा खाऊ, एक पातळ चकती. गाजराचा पाला मात्र द्या. दात वर्षाला १० ते १२ सेंटीमीटर वाढतात त्यांचे, आणि ते झिजतात गवत रवंथल्यासारखं डावी-उजवीकडे चघळण्यानं, फळ चघळावं लागतच नाही.

प्रश्न: ताई, माझी सशी केस गाळतेय. कोणीतरी सांगितलं की पोटात केसांचा गोळा होतो, अननसाचा रस नाहीतर पपई दिली की तो विरघळतो. कालपासून ती खात पण नाहीये, सिरिंजनं रस पाजू का? (पुणे)

उत्तर: तुम्हाला मी फोनवर उत्तर दिलंय, पण हा प्रश्न इतरांसाठीही महत्त्वाचा आहे म्हणून इथे सविस्तर.

आधी केसांचं. सशाच्या पोटात थोडे केस असतातच, दिवसभर अंग चाटतो तो, आणि त्याला उलटी करताच येत नाही त्यामुळे ते पुढेच जायला हवेत. पोट चालू असेल तर ते लेंड्यांबरोबर निघून जातात, कधी कधी लेंड्या केसांनी एकमेकींना जोडलेल्या दिसतात, तेव्हा विंचरणं वाढवा आणि गवत वाढवा. अननस-पपईतल्या एन्झाइमनं केस विरघळत नाहीत, हा समज फार जुना आहे पण चुकीचा आहे. केस गोळा होतात कारण पोट मंदावलेलं असतं, म्हणजे गोळा हा परिणाम, कारण नाही. मग आपण त्या मंदावलेल्या पोटात आंबट-गोड रस ओततो, त्यानं गॅस वाढतो आणि मुख्य म्हणजे एक दिवस वाया जातो.

आणि सशाकडे तो एक दिवस नसतो. मोठ्या सशानं दहा-बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत तर ती इमर्जन्सी आहे, याला पोट थांबणं म्हणतात, स्टेसिस. कुत्रा दोन दिवस उपाशी राहिला तर आपण वाट बघतो तसं इथे चालत नाही. लक्षणं ओळखायला शिका: कोपऱ्यात अंग चोरून बसतो, पोट जमिनीला दाबतो, सारखी जागा बदलतो, डोळे अर्धे मिटलेले, दात करकर वाजवतो, कान हाताला गार लागतात. लेंड्या आधी बारीक होतात, मग थांबतात.

इथेच फळाचा खरा उपयोग आहे आणि मी फळ पूर्ण बंद करा असं कधीच सांगत नाही ते यासाठी. रोज सकाळी ठरलेल्या वेळी नखाएवढा तुकडा हातातून द्या, अगदी करंगळीच्या नखाएवढा, आठवड्याचा जो चमचा आहे तोच असा वाटून. धावत येऊन घेतला तर तब्येत ठीक. गवत हुंगून सोडणारा ससा कधी कधी नुसता नखरे करत असतो, पण जो आपला सगळ्यात आवडता तुकडा नाकाला लावला तरी मान फिरवतो त्याला काहीतरी दुखतंय हे नक्की समजा. ससा दुखणं लपवतो, रानात आजारी दिसलेला प्राणी आधी मारला जातो, त्यामुळे आपल्याला असं काहीतरी रोजचं हवं ज्यावरून लवकर कळेल. क्लिनिकमध्ये वेळेत पोचलेले कितीतरी ससे याच एका सवयीमुळे पोचलेत.

मान फिरवली तर काय करायचं? उबेत ठेवा, पाणी आणि गवत तोंडापाशी ठेवा, शेवटच्या लेंड्या कागदात बांधून बरोबर घ्या आणि ससे बघणाऱ्या डॉक्टरकडे निघा, निघायच्या आधी फोन करून विचारा ससे बघता का, कारण सगळे बघत नाहीत. पोट फुगून टणक झालं असेल तर सिरिंजनं काहीही पाजू नका, आत अडथळा असू शकतो. घरातलं माणसांचं औषध नको. विशेषतः अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक, आपल्या प्रत्येक घरात उरलेली पट्टी असतेच, ते सशाला तोंडातून दिलं तर पोटातले चांगले जिवाणू मरून ससा जातो.

प्रश्न: उन्हाळ्यात कलिंगड फ्रीजमधलं देतो, थंडावा मिळावा म्हणून. संत्रं पण देतो. ठीक ना? (नागपूर)

उत्तर: नागपूरचा उन्हाळा म्हणजे सशाला खरंच धोका, तापमान ३० च्या वर गेलं की त्यांना त्रास सुरू होतो आणि तुमच्याकडे तर ४५ ला जातं. पण थंडावा खाण्यातून देता येत नाही. बाटलीत पाणी गोठवून ती फडक्यात गुंडाळून त्याच्या शेजारी ठेवा, तो टेकून बसेल. कानांना ओला हात फिरवा, ससा अंगातली उष्णता कानांतूनच टाकतो. फरशी, सावली, पंखा, आणि धापा टाकायला लागला तर डॉक्टर.

कलिंगड द्या पण बिया काढून, फ्रीजमधून काढून थोडं ठेवून, आणि लाल भागापेक्षा खालचा पांढरा-हिरवा भाग जास्त द्या, त्यात साखर कमी आणि चावायला पण मिळतं. अर्ध्या तासात खाल्लं नाही तर उचलून टाका, उन्हात फळ आंबतं आणि मुंग्या येतात त्या वेगळ्याच. संत्र्याची अर्धी फोड, बिया काढून, साल नको.

प्रश्न: आमच्याकडे पोळी, बिस्कीट, भिजवलेले हरभरे सगळं खातो. फळापेक्षा हे बरं ना, साखर नाही यात? (जालना)

उत्तर: नाही, हे फळापेक्षा वाईट. पोळी, बिस्कीट, ब्रेड, भात म्हणजे नुसता स्टार्च, हरभऱ्यानं गॅस धरतो. आवडीनं खातो हे खरं, पण म्हणून ते त्याला पचतं असं नाही. हळूहळू नको, हे एकदमच बंद करा, फक्त गवत आणि पाला आधी वाढवा.

प्रश्न: औषध थुंकून टाकतो, कशात मिसळू? (ठाणे)

उत्तर: पिकलेलं केळं, पाव चमचा, चांगलं कुस्करून. डॉक्टरांनी गोळी कुटायला हरकत नाही म्हटलं असेल तर त्यात कालवा आणि बोटावर घेऊन द्या. वाडग्यात ठेवलंत तर वरचं चाटून औषध खाली राहतं. केळ्याचा हाच एक वापर मला मनापासून मान्य आहे.

प्रश्न: माझ्या सशाचा पहिला वाढदिवस आहे. आई म्हणाली त्याला केक नाही चालत. मग काय करू? (चौथीतली वाचक, चिंचवड)

उत्तर: आईचं बरोबर आहे गं, पण आपण त्याचा वेगळा केक करू. एका ताटलीत धुतलेल्या दूर्वा गोल दाबून बसव, त्यावर कोथिंबीर आणि पुदिन्याची पानं लाव, मग त्यावर अजून एक थर गवताचा. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मिळाली तर एकच घे, नळाखाली नीट धू, वरची हिरवी पानं काढू नकोस कारण ती त्याला आवडतात, आणि अर्धी कापून मधोमध ठेव. उरलेली अर्धी तू खा. मैत्रिणी येणार असतील तर त्यांना आधीच सांग की आज त्याला कोणी दुसरं काही भरवायचं नाही, एकेक पान भरवा हवं तर. मेणबत्ती लावू नका, सुकं गवत पटकन पेटतं, आणि फुगे त्याच्यापासून लांब फोडा, मोठ्या आवाजाला ससे खूप घाबरतात. फोटो काढलास तर पाठव, पुढच्या अंकात छापू.